उंचसखल जमिनीवर धावणाऱ्या विमानावरील भार : प्रकल्प नोंदी, पुणे, २०२४

१४ मार्च

प्रकल्पाची व्याप्ती आज ठरली. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात एका खासगी जागेवर सुमारे १,००० मीटर लांबीची मुरमाची धावपट्टी आहे. तिच्यावर ५,६०० किलो वजनाचे दोन इंजिनांचे विमान नियमितपणे चालवता येईल का, असा जागामालकांचा प्रश्न आहे. धावपट्टीची लांबी पुरेल का आणि जमीन वजन पेलेल का, हे दुसरा गट पाहणार आहे. टॅक्सी करताना (जमिनीवर चाकांवर सावकाश चालताना), उड्डाणासाठी धावताना आणि उतरल्यावर वेग कमी होत असताना जमिनीच्या उंचसखलपणामुळे लँडिंग गिअरवर (चाके आणि त्यांना धरणारे पाय), पंखाच्या मुळाशी आणि पुढच्या पायाच्या जोडणीवर किती भार येईल, हे विमान तिथे नेण्याआधी सांगणे हा आमच्या वाट्याचा भाग आहे.

मोठ्या वाहतूक विमानांसाठी अमेरिकी नियमावलीत कलम २५.४९१ आहे. नेहमीच्या वापरात जी सर्वांत खडबडीत जमीन वाट्याला येण्याची वाजवी शक्यता आहे, तिच्यावरून धावताना येणारे भार सांगाड्याने सोसले पाहिजेत, एवढेच ते कलम मोघमपणे सांगते. या मोघमपणाला आकार मिळतो तो सोबतच्या मार्गदर्शक सूचनांमुळे. त्यांत सॅन फ्रान्सिस्को विमानतळाच्या २८ आर या धावपट्टीचा, तिची दुरुस्ती होण्यापूर्वीचा उंचीचा आलेख नमुना म्हणून दिला आहे आणि संगणकात त्यावरून विमान चालवून पाहावे, असे सुचवले आहे. आमचे विमान त्या वर्गातले नाही, तरी खऱ्या जमिनीचा खरा आलेख घेऊन त्यावरून विमानाची संगणकातली प्रतिकृती धावती ठेवण्याची ही पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते आणि आम्ही तीच स्वीकारली आहे.

२२ मार्च

प्रतिकृतीचे मूळ आकडे निश्चित केले. वजनाचा ९० टक्के भाग दोन मुख्य पायांवर धरला, म्हणजे प्रत्येक पायावर २४.७ किलोन्यूटन स्थिर भार येतो. पाय ओलिओ पद्धतीचा आहे. वरच्या भागात दाबाखालचा नायट्रोजन, खाली तेल, आणि मधल्या लहान छिद्रातून तेल ये-जा करते. विमान उभे असताना वायूच्या स्तंभाची उरलेली लांबी १०० मिलिमीटर घेतली आहे. वायू सावकाश दाबला गेला आणि त्याची उष्णता तेलात व धातूत निघून गेली, तर त्याचा ताठरपणा भार भागिले लांबी, म्हणजे मीटरला २४७ किलोन्यूटन येतो. दाबण्याचा वेग जास्त असेल आणि वायूच्या दाब-आकारमानाच्या नियमातला घातांक १.३५ धरला, तर तोच आकडा ३३३ होतो. टायरचा ताठरपणा मीटरला ४०० किलोन्यूटन आहे. ओलिओ आणि टायर एकाखाली एक असल्यामुळे दोन्ही मिळून ताठरपणा सावकाश दाबात १५३ आणि जलद दाबात १८२ भरतो. त्यावरच्या २,५२० किलो वजनासाठी वर-खाली हालचालीची नैसर्गिक वारंवारता अनुक्रमे १.२४ आणि १.३५ हर्ट्झ येते.

पुढचे सगळे काम या एका आकड्याभोवती फिरणार आहे. विमान सेकंदाला १५ मीटर वेगाने, म्हणजे ताशी ५४ किलोमीटरने धावत असेल, तर १.२४ हर्ट्झला जुळणारी जमिनीवरची तरंगलांबी १२ मीटर असते, आणि वेग २५ मीटर झाला की ती २० मीटर होते. म्हणून खड्डा किती खोल आहे, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर आमच्या कामाला पुरणारे नाही. तो किती लांब आहे, त्याच्या पुढे दुसरा किती अंतरावर आहे आणि विमान तिथे कोणत्या वेगाने पोहोचते, हे तिन्ही कळल्याशिवाय भाराचा आकडा काढता येत नाही.

३ एप्रिल

लँडिंग गिअरची जी माहिती हाती आली आहे ती उतरण्याच्या आघातासाठी तयार केलेली आहे. ती जशीच्या तशी टॅक्सीसाठी वापरणे का धोक्याचे आहे, हे सविस्तर लिहून ठेवतो, कारण गटात नव्याने येणाऱ्यांना हा मुद्दा पटायला वेळ लागतो.

छिद्रातून तेल ढकलले जाताना होणारा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उतरताना ओलिओ सेकंदाला सुमारे २ मीटर वेगाने दाबला जातो आणि त्या वेगाला आमच्या पायात छिद्राचा विरोध ५० किलोन्यूटन आहे. टॅक्सी करताना ओलिओची हालचाल सेकंदाला ०.१५ मीटरच्या आसपास असते. वेग तेरा पटींनी कमी, म्हणून विरोध जवळजवळ १७८ पटींनी कमी, म्हणजे सुमारे २८० न्यूटन. हा स्थिर भाराच्या सव्वा टक्काही नाही. समतुल्य डँपिंगच्या, म्हणजे झुलणे शांत करण्याच्या क्षमतेच्या भाषेत सांगायचे, तर उतरताना जे प्रमाण २० टक्क्यांच्या घरात असते ते टॅक्सीत दोन टक्क्यांच्याही खाली जाते. आघात उत्तम शोषणारा पाय जमिनीवर सावकाश धावताना विमानाला जवळजवळ मोकळे झुलू देतो. पाय परत उघडताना लागणारे झडपेचे छिद्र अधिक लहान असल्यामुळे त्या दिशेला विरोध जास्त मिळतो आणि त्याचा खरा उपयोग होतो. तो प्रतिकृतीत वेगळा घातला आहे.

१८ एप्रिल

धावपट्टीची पहिली मोजणी झाली. ऑटो लेव्हल (उंची मोजण्याची दुर्बीण) आणि स्टाफ (उभी मापपट्टी) घेऊन तीन रेषांवर, म्हणजे दोन्ही मुख्य चाकांच्या आणि पुढच्या चाकाच्या रेषेवर, दर अर्ध्या मीटरला उंची घेतली. एप्रिलमध्ये हे काम सकाळीच उरकावे लागते. ऊन चढले की मुरमावरून झळा उठतात आणि दुर्बिणीतून पाहताना स्टाफवरच्या मिलिमीटरच्या रेघा पाण्यात धरल्यासारख्या थरथरू लागतात. त्यामुळे नऊनंतर लेव्हल आणि स्टाफ यांच्यातले अंतर कमी केले आणि उन्हात घेतलेला प्रत्येक टप्पा दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तपासला. धावपट्टीच्या कडेला काळी माती उघडी आहे. तिच्यात हाताचा पंजा सहज उभा शिरेल एवढ्या भेगा पडल्या आहेत.

पश्चिमेच्या टोकापासून सुमारे ४०० मीटरवर एकापाठोपाठ तीन सखल भाग मिळाले. प्रत्येकाची लांबी साधारण १२ मीटर आणि खोली सुमारे ३० मिलिमीटर आहे. चालत जाताना ते डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. शेजारच्या शेतातले एक वयस्क गृहस्थ आमची मोजणी बघत उभे होते. मी विचारले, “काका, इथं पूर्वी काय होतं?” ते म्हणाले, “ऊस होता की. हे पाट होते, तिन्ही बाजूबाजूला. बुजवले अन् वरून मुरूम टाकला.” बुजवलेल्या पाटातली सैल माती बसत गेली, हे कारण सरळ आहे आणि पुढे दुरुस्ती सुचवताना ते महत्त्वाचे ठरणार आहे.

पक्क्या धावपट्टीसाठी आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेच्या परिशिष्ट १४ मध्ये ३ मीटरची सरळ पट्टी ठेवून तिच्याखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नसावी, अशी शिफारस आहे. आमच्या १२ मीटर लांब आणि ३० मिलिमीटर खोल भागात ही पट्टी ठेवली, तर तिच्या मध्याखाली जेमतेम ४.४ मिलिमीटर फट दिसते. तीच खोली २० मीटर लांबीत पसरली असती, तर फट १.६ मिलिमीटर भरली असती आणि पट्टीने ती जमीन उत्तम ठरवली असती. ही पट्टी नव्या थराचे काम तपासण्यासाठी योग्य साधन आहे. विमानाला हलवणारे लांब तरंग मात्र तिच्या आवाक्याबाहेर राहतात. त्याच परिशिष्टाच्या जोडपत्रात ४५ मीटर अंतरात अडीच ते तीन सेंटिमीटरचा एखादा सुटा उंचवटा चालवून घेता येतो, असेही म्हटले आहे. तिथला सुटा हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. आमच्याकडे तीन आहेत आणि ते सुटे नाहीत.

२६ एप्रिल

मोजणीच्या आकड्यांची साफसफाई केली. अर्ध्या मीटरच्या अंतराने घेतलेल्या नोंदींतून १ मीटरपेक्षा लहान तरंग ओळखता येत नाहीत, पण टायरचा जमिनीला टेकणारा भाग स्वतःच पाव मीटरहून थोडा जास्त लांब आहे आणि तो बारीक खडबडीतपणा गिळून टाकतो. राहिलेल्या मधल्या पट्ट्यासाठी निवडक ठिकाणी १० सेंटिमीटर अंतराने वेगळी मोजणी घेतली आहे. धावपट्टीचा एकूण उतार काढून टाकला, लांब तरंगांना मात्र हात लावला नाही.

१० मे

घर्षण वगळून प्रतिकृतीच्या पहिल्या फेऱ्या संगणकात चालवल्या. संगणकाच्या उत्तरावर भिस्त ठेवण्याआधी हाताने करता येण्याजोगा हिशोब मांडला. ३० मिलिमीटर खोलीचा एक सखल भाग अगदी नैसर्गिक वारंवारतेला जुळणाऱ्या वेगाने ओलांडला, तर बाहेर पडताना विमानाची वर-खाली हालचाल त्या खोलीच्या दीडपटीहून थोडी अधिक होते आणि पायावरचा भार ०.२९ जीने, म्हणजे स्थिर भाराच्या २९ टक्क्यांनी वाढतो. दुसऱ्या भागानंतर ही वाढ ०.५८ आणि तिसऱ्यानंतर ०.८७ जी होते. म्हणजे एकाच जागी तिप्पट खोल खड्डा असल्याइतका भार तीन उथळ भाग मिळून देतात. डँपिंग इतके कमी असल्यामुळे एका तरंगाचा परिणाम दुसरा येईपर्यंत फारसा ओसरत नाही. संगणकाची उत्तरे या हिशोबाशी जुळली.

या जागी वर्णपटाच्या पद्धतीबद्दल एक विचार नोंदवतो. धावपट्टीच्या खडबडीतपणाकडे पॉवर स्पेक्ट्रमच्या नजरेने पाहण्याची सुरुवात अमेरिकेत १९५० च्या दशकात नाका या नासाच्या पूर्वसुरी संस्थेत झाली. त्या कामात जॉन हूबोल्ट होते, ज्यांनी पुढे चंद्रमोहिमेसाठी चंद्राच्या कक्षेत अंतराळयाने जोडण्याच्या मार्गाचा चिकाटीने पाठपुरावा केला. स्पेक्ट्रममुळे कोणत्या लांबीच्या तरंगात किती खडबडीतपणा साठला आहे हे एका दृष्टिक्षेपात कळते, आणि दोन धावपट्ट्यांची तुलना करायला त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. परंतु त्यात तरंगांचा क्रम हरवतो. तीन सखल भाग एका ओळीत आहेत की एक सुरुवातीला, एक मध्यात आणि एक शेवटी आहे, हे त्यातून निघत नाही, आणि आमच्या जमिनीचा सगळा प्रश्न त्या क्रमात आहे. शिवाय ओलिओ सरळ रेषेच्या नियमाने वागत नाही. म्हणून स्पेक्ट्रम तुलनेपुरता ठेवला आणि भाराचे आकडे वेळेच्या ओघात पावलापावलाने सोडवलेल्या समीकरणांतूनच घ्यायचे ठरवले. अमेरिकी हवाई दलाच्या ‘हॅव बाउन्स’ या कार्यक्रमातही बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या धावपट्टीवर घाईने घातलेले थिगळ ओलांडून पुढच्या थिगळावर जाताना विमानाचे काय होते, हाच कळीचा प्रश्न होता.

३० मे

आज एका हँगरमध्ये जाऊन अशाच वर्गातल्या विमानाचे पाय जवळून पाहिले. तिथले ज्येष्ठ तंत्रज्ञ ओलिओच्या चकचकीत दांडीची उघडी लांबी पट्टीने मोजत होते. मोजण्याआधी त्यांनी पंखाचे टोक धरून विमानाला दोन-चार झोके दिले. का, असे विचारल्यावर म्हणाले, “सर, झोका दिल्याशिवाय मोजायचंच नाही. ओलिओ बसतो तिथं अडकून राहतो. इंधन भरल्यावर वेगळा दिसतो, काढल्यावर वेगळा दिसतो. हलवला की खऱ्या जागेवर येतो.” त्यांनी झोका न देता आणि झोका दिल्यावर अशा दोन्ही मोजण्या करून दाखवल्या. फरक पट्टीवर सहज वाचता येण्याइतका होता.

उभ्या विमानात जो ओलिओ अडकून राहतो तो टॅक्सी करतानाही लहान तरंगांवर अडकणारच. सील आणि बेअरिंग यांचे घर्षण ओलांडण्याइतका भार बदलल्याशिवाय तो हलणार नाही, आणि तोपर्यंत विमान फक्त टायरवर उभे असेल. नुसत्या टायरचा ताठरपणा धरला की नैसर्गिक वारंवारता १.२४ वरून २.० हर्ट्झवर जाते. विमान तेच, वजन तेच, आणि तरी जमिनीला ते दुसऱ्याच यंत्रासारखे भासते.

१३ जून

वापरातून काढलेला एक ओलिओ मिळाला. तो प्रयोगशाळेतल्या दाबयंत्रात उभा करून अगदी सावकाश दाबला आणि तितक्याच सावकाश उघडला. दाबतानाची भाररेषा वर राहते आणि उघडतानाची खाली. दोन्हींमधल्या अंतराचा अर्धा भाग म्हणजे घर्षण. नळीच्या मधल्या भागात ते स्थिर भाराच्या पाच टक्क्यांच्या आसपास मिळाले. पाय रात्रभर एकाच जागी ठेवून सकाळी पहिल्यांदा हलवला, तेव्हा सुटण्यासाठी लागलेला जोर स्पष्टपणे जास्त होता. त्यानंतरच्या हालचालींत तो पुन्हा खाली आला. हा ओलिओ आमच्या विमानाचा नव्हे, त्यामुळे त्याचा आकडा उसना घेणार नाही. घर्षणासाठी एक आकडा न ठेवता पट्टा ठेवावा, हा निर्णय मात्र या प्रयोगामुळे पक्का झाला.

२८ जून

घर्षणासह फेऱ्या पूर्ण झाल्या. प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष या नोंदीत आहे, असे मी समजतो.

टॅक्सीच्या वेगात छिद्राचा विरोध नगण्य असल्यामुळे घर्षण हाच विमानाला शांत करणारा मुख्य घटक ठरतो. पाच टक्के घर्षण, म्हणजे सुमारे १.२ किलोन्यूटन धरले, तर ढोबळ हिशोबात ते प्रत्येक आवर्तनात भाराच्या चढउतारातून सुमारे ३ किलोन्यूटन काढून घेते. ३० मिलिमीटरचा प्रत्येक सखल भाग ७.२ किलोन्यूटन भर घालतो. दोन्हींची वजाबाकी केली की तीन भागांनंतरची वाढ ०.८७ जीवरून सुमारे अर्ध्या जीपर्यंत उतरते. घर्षण दहा टक्के केले, तर वाढ जवळजवळ थांबते. इथपर्यंत चित्र दिलासा देणारे आहे, आणि घर्षण जास्त असणे सुरक्षिततेच्या बाजूचे आहे असा समज याच टप्प्यावर होऊ शकतो.

पण त्याच वाढलेल्या घर्षणाने ओलिओ अधिक वेळ अडकून राहतो, वारंवारता १.२४ वरून २.० हर्ट्झकडे सरकते आणि त्याच १२ मीटरच्या तरंगांसाठी सर्वांत वाईट वेग सेकंदाला १५ मीटरवरून २४ मीटरकडे, म्हणजे ताशी ५४ वरून ८६ किलोमीटरकडे जातो. अडकलेल्या अवस्थेत टायरखेरीज कुणीच ऊर्जा शोषत नाही. २ हर्ट्झला अचूक जुळणारा अवघ्या ५ मिलिमीटरचा एक तरंगसुद्धा पायावर सुमारे ३ किलोन्यूटनचा चढउतार निर्माण करतो. ओलिओ सुटेपर्यंत भार टायरच्या ताठरपणाने चढत राहतो आणि सुटल्यावरच घर्षण कामाला लागते. कोणते घर्षण धरले म्हणजे आकडा सुरक्षित बाजूला राहील, हे म्हणून आधी सांगता येत नाही. ते वेगावर अवलंबून आहे. प्रत्येक वेगाला घर्षणाचा संपूर्ण पट्टा चालवून त्यातला सर्वाधिक भार घेणे हाच मार्ग उरतो. त्याने फेऱ्यांची संख्या कितीतरी वाढते, पण संगणकाचा वेळ स्वस्त आहे आणि पायाची जोडणी स्वस्त नाही.

१९ जुलै

बेअरिंगचे घर्षण बाहेरच्या भारांवर अवलंबून असते, म्हणून ते वेगळे काढले. आमच्या पायात चाक दुहेरी काट्यात, नळीच्या रेषेत आहे. ते एका बाजूला असते, तर उभ्या स्थितीतच बेअरिंगवर बराच आडवा जोर आला असता. मुरमावर लोळण्याचा विरोध भाराच्या पाच टक्के धरला, तर आसावर १.२ किलोन्यूटन आडवा भार येतो. आस खालच्या बेअरिंगपासून अर्धा मीटर खाली आहे आणि दोन बेअरिंगमधले अंतर पाव मीटर आहे. तरफेचा हिशोब केल्यावर दोन्ही बेअरिंगवर मिळून सुमारे ६.२ किलोन्यूटन दाब येतो, आणि घर्षणांक ०.१ घेतला तर सुमारे ०.६ किलोन्यूटन घर्षण वाढते. डांबरी पृष्ठभागावर ही वाढ याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राहते. जमीन खडबडीत किंवा मऊ असेल, तर तरंगांबरोबर पायाचे घर्षणही तीच वाढवते.

ब्रेक लावल्यावर गोष्ट याहून गंभीर होते. ब्रेकचा पीळ पायाच्याच सांगाड्यात जात असल्यामुळे आडव्या भाराची भुजा आसापाशी न संपता जमिनीपर्यंत, म्हणजे ०.७८ मीटरपर्यंत लांबते. सेकंदाला अडीच मीटर या दराने वेग कमी करायचा, तर प्रत्येक मुख्य चाकावर सुमारे ७ किलोन्यूटन ब्रेकचा जोर लागतो. त्यातून निर्माण होणारे बेअरिंगचे घर्षण ५ किलोन्यूटन, म्हणजे स्थिर भाराच्या एक पंचमांश. ब्रेक दाबलेला असताना ओलिओ बराच काळ घट्ट धरून ठेवल्यासारखा होतो.

आता हे आमच्या तीन पाटांना लावून पाहिले. उड्डाणासाठी सेकंदाला २ मीटर या दराने वेग वाढवत पश्चिमेकडून निघालेले विमान ४०० मीटरवर सुमारे ४० मीटर वेगाने पोहोचते. तिथे १२ मीटरचे तरंग ३.३ हर्ट्झने लागतात आणि अनुनाद टळतो. उतरताना मात्र चाके १५० मीटरवर ४० मीटर वेगाने टेकली आणि अडीचच्या दराने ब्रेक लावला, तर पहिल्या पाटापाशी वेग सुमारे १९ मीटर असतो आणि तिसरा पाट ओलांडून होईपर्यंत १३ वर येतो. धोक्याच्या पट्ट्यातून विमान ब्रेक दाबलेल्या अवस्थेत, घर्षण सर्वाधिक असताना जाते. स्थिर वेगाच्या तक्त्यात हे दिसत नव्हते. भाराचे कोष्टक म्हणून वेगानुसार न करता उड्डाण, उतरणे आणि टॅक्सी अशा प्रत्यक्ष क्रियांनुसार लावायचे ठरले.

९ ऑगस्ट

पंखाचा भाग. हवेत असताना उचल पंखाला वर वाकवते. जमिनीवर उचल नसल्यामुळे तोच पंख स्वतःच्या, इंजिनाच्या आणि इंधनाच्या वजनाने खाली लोंबतो. प्रत्येक उड्डाणात बेंडिंग मोमेंटची (वाकवणाऱ्या जोराच्या परिणामाची, भार गुणिले अंतर) दिशा अशी पूर्ण उलटते आणि टॅक्सीतले हेलकावे त्या चक्राचे खालचे टोक आणखी खाली नेतात. टोकाच्या टाकीत १५० किलो इंधन आणि ते मुळापासून ७ मीटरवर असेल, तर एकट्या त्या इंधनाचा मोमेंट १०.३ किलोन्यूटन-मीटर आहे. अर्ध्या जीची वाढ आली की तो १५.५ होतो. पंखाच्या वरच्या पत्र्यावर त्या वेळी ताण येतो, जो हवेत क्वचितच येतो. म्हणून वरच्या पत्र्यावरील सांध्यांची थकवा-तपासणी जमिनीवरच्या भारांसाठी स्वतंत्रपणे करावी, असे आम्ही अहवालात सुचवणार आहोत.

प्रतिकृतीत पंखाच्या वाकण्याची पहिली वारंवारता टाक्या रिकाम्या असताना ५ आणि भरलेल्या असताना ४ हर्ट्झ आहे. सेकंदाला १५ मीटर वेगाला त्यांच्याशी ३ ते पावणेचार मीटरचे तरंग जुळतात, म्हणजे पंखासाठी जमिनीवरची वेगळीच खूण शोधावी लागते. आमच्या धावपट्टीवर या लांबीचे तरंग उथळ आहेत आणि पंखावरचा मोठा वाटा पाटांमुळे होणाऱ्या संपूर्ण विमानाच्या हेलकाव्यातूनच येतो.

पुढच्या पायाबद्दल थोडक्यात. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर ४.५ मीटर आहे. ९ मीटरच्या तरंगावर दोन्ही अगदी विरुद्ध स्थितीत येतात आणि विमान नाक खाली-वर करू लागते. १२ मीटरचा तरंग याच्यापासून फार दूर नाही, त्यामुळे पुढच्या पायावरचा भार मुख्य पायांच्या तुलनेत प्रमाणाने जास्त वाढतो. ब्रेकमुळे नाकावर येणारे वजन त्यात मिळवावे लागते.

६ सप्टेंबर

पावसामुळे जागेवरचे काम बंद आहे. आमच्या प्रतिकृतीत जमीन कठीण मानली आहे. भिजलेल्या मुरमात चाक रुतते, स्वतःचा चर पाडते आणि लोळण्याचा विरोध अनेक पटींनी वाढतो. त्या अवस्थेसाठी हे आकडे लागू नाहीत, असे अहवालाच्या पहिल्याच पानावर ठळकपणे लिहिले आहे.

२४ ऑक्टोबर

दुसरी मोजणी झाली. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. मुरमाखाली झाकलेल्या मध्यभागापेक्षा कडांना पाणी आधी पोहोचते. अपेक्षेप्रमाणे कडेच्या दोन्ही रेषा मधल्या रेषेच्या तुलनेत उचलल्या गेल्या आहेत. एप्रिलमधल्या भेगा पूर्ण मिटल्या आहेत. पाटांच्या जागी माती सैल असल्याने तिथे पाणी जास्त मुरले आणि तिन्ही भाग आणखी खचले आहेत. डावी आणि उजवी रेषा आता सारखी नाही, म्हणून विमानाला बाजूने झुलवणारा भारही हिशोबात घ्यावा लागला. एका ऋतूत केलेली मोजणी वर्षभरासाठी पुरेशी मानू नये, हे आता आमच्याकडे आकड्यांनिशी आहे.

१५ नोव्हेंबर

दिवाळीनंतर जागामालकांसमोर अहवाल मांडला. पाटांच्या जागी वरून मुरूम टाकून पृष्ठभाग सपाट करण्याचा त्यांचा विचार होता. आम्ही त्याला ठाम विरोध केला, कारण खालची सैल माती तशीच राहिली तर पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा खचेल. तिन्ही पाट तळापर्यंत खणून, योग्य ओलाव्याचा मुरूम थराथराने टाकून प्रत्येक थरावर रोलर फिरवावा आणि कडेने पाण्याला वाट काढून द्यावी, असे सुचवले आणि ते मान्य झाले. दुरुस्ती होईपर्यंत ३८० ते ४५० मीटरच्या पट्ट्यात टॅक्सीचा वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त नसावा आणि पश्चिमेकडून उतरणे बंद ठेवावे, असे लेखी दिले आहे. ताशी २५ किलोमीटरला १२ मीटरचे तरंग ०.६ हर्ट्झच्याही खाली लागतात, जे ओलिओ मोकळा असो वा अडकलेला, दोन्ही वारंवारतांपासून पुरेसे दूर आहे.

दुरुस्तीनंतर जानेवारीत तिन्ही रेषांची मोजणी पुन्हा घ्यायची आहे. मुख्य पायांवर ताणमापक आणि ओलिओच्या दांडीवर सरकमापक बसवून सावकाश वेगापासून पायरीपायरीने टॅक्सी चाचण्या करायच्या आहेत. ओलिओ केव्हा अडकतो आणि केव्हा सुटतो, हे सरकमापकाच्या नोंदीत थेट दिसेल. घर्षणाचा पट्टा त्यावरून अरुंद करता येईल. मापकांच्या तारा ब्रेकच्या नळीपासून कशा दूर ठेवायच्या, याचे रेखाटन हँगरमधल्या तंत्रज्ञांकडे तपासणीसाठी पाठवले आहे.